हिरोची कॅसेट माझ्याकडे आहे

हिरो गेला हे मला व्हॉट्सअॅपवर कळलं. अंबरनाथच्या आमच्या जुन्या वस्तीचा एक ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी गुलाबाची फुलं येऊन पडतात. त्या फुलांमध्ये एक फोटो आला. टक्कल पडलेला, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला एक म्हातारा, फोटोला हार. खाली सगळ्यांनी हात जोडलेले आणि एकाने, चष्मा सापडला नसेल बहुतेक, अंगठा वर केलेला. मीही हात जोडले आणि मेथी निवडायला बसले. अर्धी जुडी झाल्यावर डोक्यात उजेड पडला की हा म्हातारा म्हणजे तो. माझा तो.

आता मी बदलापूरला मुला-सुनेकडे असते. सून म्हणाली, आई, कांदा मी चिरतेय आणि रडताय तुम्ही, हे काय. मी म्हटलं, माझा हिरो गेला. नात दहा वर्षांची आहे. तिने लगेच मोबाइल उचलला आणि "कौन सा वाला?" म्हणून शोधायला बसली. पाच मिनिटांत तिने निकाल दिला. "आजी, तुझा हिरो नेटवर नाहीये. गाणं आहे त्याचं, पण कोई और गा रहा है."

खरं होतं ते. त्याचं ते गाजलेलं गाणं आजही जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं, हळदीला वाजतं, पण गळे दुसऱ्यांचे. त्याच्या स्वतःच्या आवाजातलं कुठेच नाही. आणि आम्ही ज्यांनी तो आवाज ऐकला, ते आता गुडघे धरून जिने चढणारे लोक.

तेव्हा तो पंचविशीचा असेल. दिवसा शहाडच्या एका कंपनीत पाळीवर जायचा आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत गायचा. गायन पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे कोरस धरणारे तिघेचौघे. बाकीचे गायक पांढरा सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून गात. हा बेलबॉटम घालून यायचा. पांढरे बूट, कानावर केस आणि मंडपातही काळा चष्मा. बेंजोवाल्याला डिस्कोची चाल धरायला लावायचा आणि त्या चालीवर पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, असं गायचा. पुढे बसलेले म्हातारे कुरकुर करायचे की हे कसलं प्रबोधन. कुरकुर करताना त्यांच्या चपला मात्र तालात हलायच्या.

मी पंधरा वर्षांची, नववीत. गणितात दोनदा आपटलेली. त्याच्याशी लग्न करायचं मी ठरवून टाकलं होतं, त्याला ते माहीत नव्हतं एवढीच अडचण होती. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या होणाऱ्या मुलांची नावं होती. चार. मुलगे दोन, मुली दोन. संसार कसा सारखा हवा. त्यातल्या थोरल्याला मी काळा चष्माही घालून ठेवला होता.

कार्यक्रमात फर्माइशीच्या चिठ्ठ्या जायच्या स्टेजवर. कोणीतरी चिठ्ठी लिहायचं, हातोहात पुढे जायची आणि गायक माइकवर वाचायचा, अमुक वस्तीतल्या अमुक ताईंची फर्माइश. एका जयंतीला मी एकटीने सहा चिठ्ठ्या पाठवल्या. सहा वेगळी नावं, सहा वेगळी अक्षरं. एक डाव्या हाताने लिहिली, एक अडाणी बाईने लिहिल्यासारखी. स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. त्याने सहाही चिठ्ठ्या हातात धरल्या, उलट्या केल्या आणि माइकवर म्हणाला, "ह्या सहा ताया एकाच वहीत लिहितात असं दिसतंय. मागे गणितं आहेत. तिसऱ्या ताईंचं उत्तर चुकलंय."

सगळा मंडप हसला. पुरुषांच्या बाजूला माझे वडील बसले होते. ते हसले नाहीत, त्यांनी मान वळवली आणि बरोबर माझ्याकडे पाहिलं, कारण वही त्यांनीच आणून दिली होती. घरी आल्यावर काय झालं ते सोडा. मला त्याचं काही नव्हतं. हिरोने माझं गणित तपासलं होतं. पुढे महिनाभर मी त्या आनंदात होते, आणि गणितात तिसऱ्यांदा आपटले.

त्याची एकच कॅसेट निघाली. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका दुकानदाराने काढली होती. कव्हरवर तोच काळा चष्मा, हात कमरेवर. माझ्या मामाने मला ती आणून दिली आणि मी ती उशाखाली घेऊन झोपायचे. दोन्ही बाजूंना मिळून आठ गाणी. त्यातलं एक दोघांचं होतं. बायको दारुड्या नवऱ्याला एकेक सवाल करते आणि नवरा एकेक बहाणा सांगतो, शेवटी वरमतो. बायकोचा भाग पार्टीतली एक बाई गायची. ती मला अजिबात आवडायची नाही. तिच्या जागी मी असायला हवी होते हे कोणालाही पटलं असतं. विचारायला कोणी आलं नाही इतकंच.

मग मी ठरवलं की आपणच जाऊन बसायचं तिच्या जागी.

आता तुम्हाला कॅसेटची एक गोष्ट सांगायला हवी, कारण नातीला सांगितली तेव्हा तिला ती काल्पनिक वाटली. विकतच्या कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चौकोनी भोकं असायची, प्रत्येक बाजूचं एक. भोक उघडं असलं की टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंच जायचं नाही, म्हणजे गाणं सुरक्षित. पण भोकात कागदाचा बोळा कोंबला की टेप फसायचा. ही विद्या मला भावाने शिकवली होती. रिकामी कॅसेट कोण विकत आणतंय, जुन्यातच बोळा कोंबून सगळे आपापलं भरायचे.

तर मी बोळा कोंबला. आई पाण्याला गेली होती. त्या दोघांच्या गाण्यापाशी टेप आणला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि गायला लागले. मला वाटलं, त्याचा आवाज आत आहेच, त्यात माझा जाऊन मिसळेल. पाण्यात साखर टाकली म्हणून पाणी जातं का कुठे? टेप चालू होता आणि त्यातून त्याचा आवाज येत नव्हता, त्याचाही मी अर्थ लावला होता. मला वाटलं, मी गातेय म्हणून तो गप्प बसून ऐकतोय. माझी ओळ झाली की मी थांबायचे, त्याच्या ओळीपुरती जागा सोडायची, पाटावर बोटांनी ताल धरायचा आणि परत माझी ओळ. त्या गाण्यावर थांबले नाही. रंगात येऊन टेप सुरुवातीला नेला आणि त्या बाजूची चारही गाणी अशीच गायले. चुकले तिथे मागे जाऊन पुन्हा गायले. मग पदर नसलेल्या फ्रॉकला पदर असल्यासारखा खांद्यावर सारखा केला आणि ऐकायला बसले.

मी होते. मग पाटावरची बोटं होती. मग पुन्हा मी. शेजारणीच्या कुकरची शिट्टीसुद्धा स्वच्छ आली होती. तो नव्हता.

मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या बाजूची चार गाणी शाबूत आहेत, असं मनाशी धरून कॅसेट कपड्यांच्या तळाशी ठेवून दिली. वर्षभरात त्याचं लग्न झालं. मी दोन दिवस अन्न सोडलं. शेंगदाणे अन्नात मोडत नाहीत असा माझा तेव्हा समज होता. मग माझं लग्न झालं, कॅसेट माझ्या पत्र्याच्या पेटीतून सासरी आली आणि पेटीतच राहिली. ऐकायची हिंमत कधी केली नाही. पण मिरवायची हौस तेवढीच. वस्तीतल्या बायका भेटल्या की मी म्हणायचे, हिरोची कॅसेट माझ्याकडे आहे, ओरिजिनल. चाळीस वर्षं म्हणतेय.

त्याचं पुढे वाईट झालं. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढलं आणि गळ्याला भोक ठेवलं, त्यातून श्वास घ्यायचा. पांढरा रुमाल तेव्हापासूनचा. शहाडची नोकरी सुटली होती, मग आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला लागला. मी एकदा त्याला अंबरनाथच्या बाजारात पाहिलं, पाटीवर खडूने लिहून भेंडीचा भाव करत होता. मी पुढे गेले नाही. जाऊन म्हणणार काय, सहावी ताई मीच?

त्याच्या जलदान विधीला मात्र गेले. विहारात आधी त्रिशरण-पंचशील झालं, मग रीतीप्रमाणे आदरांजलीची भाषणं. ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि बोलायचं. आमच्यात ह्या भाषणांना कोणी घाबरत नाही. ज्याचं मयताशी उभं आयुष्य पटलं नाही तोही उठून पाच मिनिटं चांगलं बोलतो. कोणी सांगितलं तो किती साधा होता, कोणी सांगितलं तो वेळेवर यायचा. वेळेवर. बेलबॉटमवाल्या हिरोबद्दल. मला राहवलं नाही, मी उठले. माइक हातात आला की माझं काय होतं कोण जाणे. मी म्हणाले, तुम्ही ह्यांना पाटीवर लिहिताना पाहिलंत, आम्ही ह्यांना गाताना ऐकलंय. असा आवाज परत होणे नाही. आणि तो आवाज माझ्याकडे आहे. हिरोची कॅसेट माझ्याकडे आहे.

बायकांनी माना डोलावल्या. मी खाली बसले, माझ्यावर खूश. पंधराव्या वर्षी होते तशीच.

बाहेर चपला शोधत होते तर एक मुलगी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पांढरी साडी, डोळे कोरडे. म्हणाली, "मावशी, मी त्यांची मुलगी. ऑपरेशन झालं तेव्हा मी आईच्या पोटात होते."

मला कळलं नाही ती हे का सांगतेय. मग ती म्हणाली, "मी पप्पांचा आवाज ऐकलेला नाही. खोकला ऐकलाय. टाळी ऐकलीये, हाक म्हणून मला एक टाळी आणि आईला दोन. आवाज नाही ऐकला. तुम्ही ऐकवाल का?"

तिचं सगळीकडे विचारून झालं होतं. घरात कॅसेट होत्या, पण ऑपरेशनवरून आल्यावर त्याने स्वतःच त्या नेऊन वालधुनीच्या पात्रात टाकल्या. गायन पार्टीतलं कोणी उरलं नव्हतं. कॅम्प पाचच्या त्या दुकानदाराने उरलेल्या सगळ्या कॅसेट पुसून त्यांवर सिनेमाची गाणी भरून विकली होती. चार वर्षं शोधत होती ती. बाप जिवंत असताना त्याला चोरून शोधत होती, त्याला कळलं असतं तर आवडलं नसतं म्हणून. माझं भाषण हा तिला लागलेला पहिला पत्ता.

तिथेच सांगायला हवं होतं की एक बाजू गेली आहे. मी म्हटलं, हो हो, ऐकवते की.

घरी येऊन पेटी उघडली. कॅसेट होती. काळा चष्मा पिवळा पडला होता. मी ती उलटीपालटी केली आणि मागच्या कडेला बोट फिरवलं. एका भोकात बोळा होता, तो मला माहीत होता. दुसऱ्या भोकातही बोळा होता.

 मग स्वतःला म्हटलं, भावाने घातला असेल. मग म्हटलं, घातला म्हणजे वापरलाच असेल असं थोडंच आहे. माणूस किती वकील ठेवतो बघा पदरी, फी न देता.

कॅसेट वाजवायला आता टेप कोणाकडे असतो. हिरोच्या मुलीनेच शोध लावला, कॅम्प पाचला एक सिंधी म्हातारा अजून टेप दुरुस्त करतो. रविवारी ती अंबरनाथहून आली, मी बदलापूरहून, आणि कॅम्प पाचला जाताना रिक्षात मी तिला अर्धं खरं सांगितलं. एक बाजू माझ्याकडून पुसली गेली, लहान होते, अक्कल नव्हती. कशी पुसली तेही सांगितलं, जागा सोडून गायले ते, पाटावरची बोटं, सगळं. मला वाटलं चिडेल. ती हसली. मग मी तिला सहा चिठ्ठ्यांचं सांगितलं, तर रिक्षात इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. म्हणाली, पप्पा असंच करायचे, माझ्या वहीत चुकलेल्या गणिताखाली पेन्सिलने हसणारं तोंड काढायचे. तिचं हसणं संपल्यावर तिने विचारलं, दुसरी बाजू नक्की आहे ना. मी म्हटलं आहे. मला तसं वाटतही होतं, खोटं सांगत नाही. दुसऱ्या बोळ्याचा विषय मी काढला नाही.

दुकान म्हणजे दोन पायऱ्या आणि एक टेबल. भिंतभर मेलेले टेप आणि रेडिओ. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, हात मात्र स्थिर. त्याला सगळे साईं म्हणतात, मीही म्हटलं. त्याने कॅसेट हातात घेतली, कव्हर पाहिलं आणि म्हणाला, अरे ये तो अपना वो डिस्कोवाला. त्याच गल्लीत कॅसेट निघाली होती, त्याला सगळं आठवत होतं. मुलीने सांगितलं की मी त्यांची मुलगी. साईं उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि परत बसला.

त्याने फीत तपासली. मग कॅसेट उलटी करून कडेवर बोट ठेवलं.

"माताजी, दोनों तरफ कागज है."

माताजी. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी म्हटलं, भावाने घातला असेल, आप लगाओ तो सही.

त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं डोकं पुसलं, फीत पेन्सिलने सुरुवातीला आणली आणि दुसरी बाजू लावली. आधी नुसती खरखर. मग बेंजो आला. मग ढोलकी. मला ते गाणं पहिल्या ठोक्याला ओळखू आलं आणि मी मुलीचा हात धरला. म्हटलं, आता येतो बघ. हेच. आता.

बेंजो थांबला. कोणीतरी माइकजवळ श्वास आत घेतला. मोठा, छाती भरून.

खट्ट.

आणि मी गायला लागले. पंधरा वर्षांची, बारीक, किंचित नाकात.

तेव्हा आठवलं. पहिल्यांदा चुकलं ते का चुकलं ह्याचा मी तेव्हा खूप विचार केला होता आणि मला उत्तर सापडलं होतं. मी त्याच्या आधी सुरू केलं म्हणून तो रुसला. आधी त्याला सुरू होऊ द्यायचं, मग आपण शिरायचं. म्हणून दुसऱ्या बाजूला बोळा कोंबून मी वाट पाहिली होती. बेंजो होऊ दिला, त्याला श्वास घेऊ दिला आणि मग बटण दाबलं. हे मी केलं होतं आणि मग असं विसरले होते की जसं कधी केलंच नाही. पहिली चूक चाळीस वर्षं गंमत म्हणून जपली. दुसरी झालीच नाही. गणित चुकलं की पान फाडायची सवय होतीच.

साईंने टेप बंद केला नाही. मुलीनेही सांगितलं नाही. मी गात होते, थांबत होते, बोटं वाजत होती. मी जिथे थांबायचे तिथे मुलगी मान किंचित पुढे करायची. दर वेळी. प्रत्येक रिकाम्या ओळीला. मला सांगायचं होतं की अगं तिथे काही नाही, पण ते तिलाही दिसत होतं. चारही गाणी तिने अशीच ऐकली. शेवटी टेपमधली मी एकदा ठसकले आणि मागून माझ्या आईचा आवाज आला, कोणाशी बोलतेयस गं. मग नुसती फीत.

साईंने ती मागे नेली आणि न विचारता तो श्वास पुन्हा लावला. बेंजो, ढोलकी, श्वास. खट्ट. पुन्हा मागे. पुन्हा श्वास. म्हणाला, बेटा, इतना ही है, ये मोबाइल में ले लो. तो भला माणूस. त्याला वाटलं काहीतरी तरी हाती लागलं.

मुलीने मोबाइल बाहेर काढला नाही. म्हणाली, "श्वास मी रोज ऐकत होते."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी सात-आठ वाक्यं तयार केली होती. त्यातली दोन विनोदी होती.  तिने टेबलावरचे स्क्रू बोटाने एका ओळीत लावले आणि मग ज्या गोष्टीसाठी कॅसेट लागत नाही ती विचारली.

"मावशी, कसा होता आवाज?"

मी तोंड उघडलं. हे मला चाळीस वर्षं पाठ होतं. गोड होता, पहाडी होता, असा आवाज परत होणे नाही. म्हटलं, गोड होता. ती म्हणाली, गोड म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे ऐकत राहावंसा. ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, थांब, तुला गाऊनच दाखवते कसा म्हणायचा ते. आणि नवऱ्याची ओळ म्हणून दाखवायला गेले, तर घशातून माझाच आवाज आला, नाकातला. डोळे मिटून त्याला मंडपात उभा केला. बूट दिसले. बेलबॉटम दिसली, चष्म्यात पेटलेला बल्ब दिसला. तोंड हलताना दिसलं. चिठ्ठ्यांवर तो काय बोलला ते शब्दन्शब्द माहीत होतं मला, आणि ते कोणत्या आवाजात बोलला ते नव्हतं. मी एवढी वर्षं जे आठवत होते ते मी गायलेलं गाणं होतं. टेपवर केलं तेच डोक्यातही करून ठेवलं होतं.

"जाड होता की बारीक, एवढं सांगा," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, जाड.

साईं टेपचं झाकण लावत होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, "पतली थी. पतली आवाज थी उसकी, मुझे याद है."

मुलगी आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, साईं, तुम्ही कॅसेट जोरात पळवून ऐकली असेल. तो म्हणाला, हो सकता है, माताजी. 

बाहेर आलो. मी कॅसेट तिच्या हातात ठेवायला गेले. तिने दोन्ही हातांनी माझी मूठ बंद केली आणि म्हणाली, "राहू द्या मावशी. तुमचाच आवाज आहे." टोमणा नव्हता त्यात. असता तर मी ओळखला असता, टोमण्यांत माझी हयात गेली आहे. मग ती रिक्षात बसली, घरी पोचलात की फोन करा म्हणाली, जसं आपण कोणत्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतो.

मी फोन केला. पोचले म्हटलं, आणि जरा चाचरत म्हटलं, मी विचार केला गं, साईं बरोबर असेल, बारीकच असावा. ती हो म्हणाली. दोन दिवसांनी मला रात्रीच्या भाकऱ्या थापताना पुन्हा खात्रीने वाटलं की जाडच होता, पण फोन हातात घेऊन परत ठेवला. त्या पोरीला आणखी किती बाप देणार.